लग्नाचा अल्बम: फोटो चिकटवायचे की कोपऱ्यांत अडकवायचे?

मृण्मयी_व

नमस्कार मंडळी. विषय जुन्या वळणाचा आहे, पण इथे फोटोवाले, बाइंडिंगवाले, कागदवाले सगळेच असतात म्हणून धागा काढतेय.

घरात सासूबाई-सासऱ्यांच्या लग्नाचा अल्बम आहे. १९७१, सांगली. जाड काळी पानं, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला अर्धपारदर्शक कागद, बाजूने गोंड्याची दोरी. चौतीस कृष्णधवल फोटो, जवळपास सगळे चौकोनी, चार कोपऱ्यांत अडकवलेले. पानांवर पांढऱ्या पेन्सिलीने सासूबाईंच्या थोरल्या नणंदेचं अक्षर आहे: 'सीमांतपूजन', 'अंतरपाट', 'कानपिळी, डावीकडून अण्णा, बाळ आणि कुसुमचे यजमान'. आता कोपऱ्यांचा डिंक सुकून निम्मे फोटो निसटलेत. मधे कधीतरी कुणीतरी पाच-सहा फोटो पांढरा गोंद फासून थेट पानाला चिकटवले, ते पोक काढून बसलेत. अल्बमची पाठही सुटली आहे.

दुसरं काम नणंदेच्या मुलीचं. लग्न मार्गशीर्षात. तिला तो बारा बाय छत्तीसचा डिजिटल अल्बम नकोय. "मामी, मला आजीच्या अल्बमसारखा हवा, हातात धरता येतील असे फोटो." फोटोग्राफर म्हणतो, ताई, असलं आता कोणी करत नाही.

तर विचारायचंय असं की जुने फोटो सोडवून नव्या अल्बममध्ये लावावेत का? आणि नव्यासाठी कागद कसला, गोंद कसला, बांधून कुणाकडून घ्यायचा?

टवाळ_तात्या

मार्गशीर्षातलं लग्न आणि चर्चा आत्तापासून गोंदाची. मुलगा ठरलाय ना?

मृण्मयी_व

ठरलाय हो तात्या. हॉलसुद्धा ठरलाय. अल्बमच तेवढा राहिलाय.

अंधारखोली

मिरजेच्या बाजूला आमचा स्टुडिओ होता, वडिलांपासूनचा. त्यामुळे हा अल्बम न बघता बराचसा दिसला.

चौकोनी फोटो म्हणजे १२० चा रोल. निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटर, एका रोलमध्ये बारा. तीन रोल म्हणजे छत्तीस. तुमच्याकडे चौतीस आहेत, म्हणजे दोन गेले. एकात भटजींची पाठ आली असणार आणि एकात वरमाईंनी डोळे मिटले असणार, हे ठरलेलं. अख्खं लग्न तीन रोलमध्ये बसवायचं असे, त्यामुळे फोटोग्राफर बोट दाबण्याआधी विचार करायचा. आता पेनड्राइव्हवर दोन-तीन हजार फोटो देतात आणि त्यातले निवडण्यात नवराबायकोचं पहिलं भांडण होतं.

त्या काळचा कागद फायबरचा. म्हणजे खरा कागद, वर बरायटाचा पांढरा थर आणि त्यावर जिलेटिनमध्ये चांदीचे कण. आमच्याकडे आगफा, कोडॅक आणि नंतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असे कागद येत. हा कागद नीट धुतला असेल तर शंभर वर्षं सहज टिकतो. मेख आहे ती 'नीट धुतला असेल तर' यात. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून, काढल्यावर प्रिंट वाहत्या पाण्यात तासभर तरी हवी. लग्नसराईत, त्यात मिरजेचा उन्हाळा आणि नळाला पाणी दोन तास, तर तासभर कोण धुतो? दोन बादल्यांतून फिरवली की चालली ग्लेझरवर, म्हणजे वाळवून चकाकी आणणाऱ्या यंत्रावर. कागदात उरलेला तो हायपो पुढे वीस-तीस वर्षांनी पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येतो.

मृण्मयीताई, डाग आहेत का बघा. आणि फोटो तिरका धरून काळ्या भागावर, कडेकडेने, चंदेरी झाक दिसते का तेही बघा. नवऱ्या मुलाच्या कोटावर ती हमखास दिसते.

मृण्मयी_व

काका, कोटावर आहे! मला वाटलं जरीकाम आहे. डाग दोनच फोटोंवर आहेत, मंगलाष्टकांच्या आणि पंगतीच्या. आणि एका फोटोत सासूबाईंचे गाल आणि साडीचा काठ गुलाबी आहे, तो रंग पुसतोय का खरवडतोय कळत नाही.

अंधारखोली

तो हाताने भरलेला रंग. त्या फोटोला पाण्याचं बोटसुद्धा लावू नका, कापूस ओला करून पुसायचा तर विचारही नको. चंदेरी झाक म्हणजे आतली चांदी हवेतल्या वायूंनी आणि दमटपणाने वर येऊन बसलेली. पुसून काही मिळत नाही. जिथे पान थेट हवेत उघडतं तिथे म्हणजे कडांना ती आधी येते.

कागदकिडा

मी एका संग्रहालयात कागद आणि फोटोंच्या संवर्धनाचं काम करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अल्बम मोडू नका.

अल्बम म्हणजे नुसती फोटोंची पिशवी नसते. कुठला फोटो कुणाच्या शेजारी लावला, कुणाला पूर्ण पान मिळालं, कुणाचं नाव 'कुसुमचे यजमान' एवढ्यावर भागवलं, हे सगळं त्या पानांवरच आहे. फोटो काढून नव्या अल्बममध्ये लावलेत की आत्याबाईंचं अक्षर मागे राहील आणि पुढच्या दहा वर्षांत 'हे डावीकडून दुसरे कोण?' सुरू होईल. काळ्या पानांचा कागद स्वस्त लगद्याचा असतो, आम्ल असतो, कबूल. पण पन्नासहून जास्त वर्षं फोटो त्यावर आहेत आणि बरे आहेत. डिंक सुटणं आणि पाठ तुटणं हे शिवण-पुठ्ठ्याचे आजार आहेत, फोटोंचे नाहीत.

काम या क्रमाने करा. आधी प्रत्येक पानाचा, अक्षरासकट, कॅमेऱ्याने सरळ वरून फोटो घ्या. मग निसटलेले फोटो स्कॅन करा, एवढ्या लहान प्रिंटला सहाशे डीपीआय तरी हवं. कुठला फोटो कुठल्या पानावरचा ते फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने लिहिलंत तर ते पुढच्या बाजूला उठेल. मग निसटलेले फोटो त्याच जागी नव्या कोपऱ्यांनी लावा.

पोक आलेल्या फोटोंना हात लावू नका. पांढरा गोंद सुकला की पाण्यात विरघळत नाही, ओढलंत तर कागदाचे पदर सुटून चेहऱ्यापर्यंत चीर जाते. पोक दिसतं म्हणून ते काढायलाच हवं असं नाही.

जाळ्याच्या नक्षीचा कागद मात्र तपासा. तो ग्लासीन. जुना झाला की कुरकुरीत होतो, पिवळा पडतो आणि दमट हवेत फोटोच्या चकाकत्या पृष्ठभागाला चिकटू लागतो. तसा झाला असेल तर त्याजागी आम्लमुक्त पातळ टिश्यू घाला. एक-दोन पानांवरचा धड राहिला असेल तर नमुना म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवा, सुंदर असतो तो.

पुठ्ठेवाला_पुणे

कागदकिडाताईंशी सहमत. आमचं बाइंडिंगचं काम. दोरीचा अल्बम असेल तर दुरुस्ती अवघड नाही. भोकं फाटली असतील तर पानाच्या कडेला मागून पातळ कागदाची पट्टी लावायची आणि जुन्याच जागी पुन्हा भोक पाडायचं. पाठीला कापड नवं, वरचं रेक्झिन तेच ठेवता येतं.

आता नवा अल्बम. लोक पानं मोजतात, फोटोची जाडी मोजत नाहीत. तीस पानं, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना फोटो, म्हणजे मधली जाडी किती वाढली बघा. पाठ मात्र तेवढीच. मग अल्बमचं तोंड मिटत नाही, बांधणीवर ताण येतो आणि दोन वर्षांत पाठ फाटते. म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये, पाठीच्या बाजूला, त्याच जाडीच्या कागदाची बोट-दीड बोट पट्टी घालून शिवायचं. फोटो लावल्यावर अल्बम सपाट बसला पाहिजे. कुठल्याही बाइंडरकडे गेलात तर हे आधी सांगा आणि नमुन्याला चार प्रिंट बरोबर न्या.

कागद: पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्याचे जाड कागद मिळतात. काळाच हवा असा हट्ट नसेल तर करडा किंवा हस्तिदंती घ्या. काळा घ्यायचा तर ओला पांढरा कापूस त्यावर दाबून बघा, रंग उतरला तर परत द्या.

चिकटवायला आम्ही मैद्याची खळ करतो, त्यात चिमूटभर मोरचूद. कसर लागत नाही.

कागदकिडा

दादा, खळ वहीच्या पुठ्ठ्याला ठीक, मोरचूद घातलेली तर जमाखर्चाच्या चोपड्यांना उत्तमच. पण फोटोजवळ मोरचूद नको. तांब्याचा क्षार आहे तो, कागदाला आणि चांदीला दोघांनाही बाधतो. फोटोच्या पानांवरचे कोपरे चिकटवायला वेगळी खळ करा, तीही मैद्याची नको. मैद्यात चिकटा, म्हणजे ग्लूटेन, असतो. आम्ही गव्हाचा निव्वळ स्टार्च वापरतो, पाण्यात शिजवून, गाळून.

सुगरण_शुभांगी

म्हणजे कुरडयांचा चीक की!

कागदकिडा

तत्त्व तेच. फरक इतकाच की कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून आंबवतो आणि मीठ-हिंग घालतो. फोटोला आंबट आणि खारट दोन्ही चालत नाही. विकतचा शुद्ध स्टार्च घ्या, एक भाग स्टार्चला पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. थंड झाल्यावर चाळणीतून घासून काढा. फ्रिजमध्ये दोन-चार दिवस टिकते, वास आला की फेकून द्या.

पुठ्ठेवाला_पुणे

पटलं. मोरचूदवाली खळ पुठ्ठ्यापुरती ठेवू, फोटोच्या पानांना वेगळं भांडं.

न्यूजर्सीकर_सई

इथे अल्बमवर सर्रास 'फोटो सेफ', 'आर्कायव्हल' असं छापलेलं असतं. त्या शब्दांना काही बंधन नाही, कुणीही छापावं. विचारायचं ते एवढंच की फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट, म्हणजे 'पॅट', केली आहे का. आयएसओ १८९१६ हे तिचं प्रमाण. कागद, गोंद, प्लॅस्टिक जे काय असेल त्याचा तुकडा संवेदनशील फिल्मला लावून ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत पंधरा दिवस ठेवतात आणि डाग किंवा फिकेपणा येतो का बघतात. इथली रॉचेस्टरची इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट या कामासाठी प्रसिद्ध आहे. नुसतं 'अ‍ॅसिड-फ्री' पुरत नाही. आम्ल नसलेला गोंदही चांदीला खाऊ शकतो, त्यात गंधक असलं की झालं. रबर सिमेंट, म्हणजे रबराचा गोंद, त्यातलाच.

कुणी इकडून येणार असेल तर कोपऱ्यांची पाकिटं मागवा, वजन काहीच नसतं.

टवाळ_तात्या

८६ टक्के आर्द्रता? पंधरा दिवस? त्यांनी जुलैत देवगडला यावं, लॅबचा खर्च वाचेल.

देवगडकर

तात्या, हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे हेच रडगाणं आहे. दरवर्षी श्रावणात कपाट उघडलं की अल्बमच्या पानांवर पांढरी बुरशी. आई फडक्याने पुसते, दोन फोटोंवर चेहरेच पुसले गेले. काय करायचं?

कागदकिडा

बुरशी जिलेटिन खाते. ती लागली की जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं मऊ होतं, म्हणून ओलं फडकं लावलं की चित्रच निघून येतं. ओलं काहीही नको. अल्बम कोरड्या, वारा असलेल्या सावलीत उघडा ठेवा, आधी पूर्ण वाळू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने झटका. कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नका, खालच्या खणात नको, देवघराच्या किंवा मोरीच्या सामाईक भिंतीला तर नकोच. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते. पाऊस संपला की एकदा पानं उलटा, ऑक्टोबरच्या उन्हात नाही, सावलीत.

पाऊसवेडी

माझा वेगळाच प्रश्न. आमच्या लग्नाचा अल्बम १९८६ चा, रंगीत. पानावर चिकट पट्ट्या आणि वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा, उचलायचा, फोटो ठेवायचा, पापुद्रा परत बसवायचा. तेव्हा केवढं अप्रूप होतं त्याचं! आता पट्ट्या तपकिरी झाल्यात आणि फोटो सगळे लालसर. कपाटातून कधी बाहेरही काढला नव्हता, मग ऊन लागलं कुठून?

अंधारखोली

वहिनी, उन्हाचा दोष नाही. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात: निळसर, किरमिजी आणि पिवळा. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचा निळसर थर अंधारातही हळूहळू उडतो, उष्ण आणि दमट हवेत लवकर. निळसर गेला की मागे राहतो तो लाल. भिंतीवर टांगलेल्या फोटोत उलट, उजेडाने किरमिजी आधी जातो. स्कॅन करून घ्या. उरलेल्या थरांत तपशील असतो, कॉम्प्युटरवर रंग बराच परत आणता येतो.

पण तो अल्बम मात्र आजच सोडवायला घ्या. कृष्णधवल काळ्या पानांचा अल्बम ठेवा म्हटलं ना, हा ठेवू नका. पट्ट्यांचा गोंद फोटोच्या पाठीत मुरतो आणि पापुद्रा बहुधा पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी ओळखायची खूण: पापुद्र्याला नाक लावा, नव्या रेनकोटासारखा वास आला तर तोच. खात्री हवी असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, पापुद्र्याच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.

पाऊसवेडी

हिरवी झाली! नवरा म्हणतो दिवाळीआधीच फटाके. पण काका, फोटो निघत नाहीयेत. कोपरा उचलला की वाकतो.

कागदकिडा

वाकवू नका, जिलेटिनला भेग पडते आणि ती पांढरी रेघ कायमची. आधी त्या पानाचा जसाच्या तसा फोटो घ्या, न जाणो. मग दात साफ करायचा धागा, मेण नसलेला, फोटोच्या आणि पानाच्या मधे घालून पानाशी सपाट ठेवून करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. पट्टी ओलांडताना अडतो, तिथे घाई नको. अगदीच हलेना तर पानाच्या मागून हेअर ड्रायर, सगळ्यात कमी आचेवर, लांबून, थोडाच वेळ. तरीही नाही निघाला तर पान फोटोभोवती कापा आणि पाठीला पुठ्ठ्यासकट राहू द्या. निघालेल्या फोटोच्या पाठीवर गोंद चिकट असेल तर ते एकमेकांवर रचू नका, मधे टिश्यू.

मृण्मयी_व

किती माहिती! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. अल्बम मोडायचा नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि 'कुसुमचे यजमान' यांचं नाव का लिहिलं नव्हतं त्याची कथाही बाहेर आली. ती इथे सांगण्यासारखी नाही.

आता नव्याकडे येते. पुठ्ठेवाले दादा, पानाचा आकार काय ठेवू? प्रिंट कुठल्या करून घेऊ? कोपरे विकतचे की घरी?

अंधारखोली

प्रिंट लॅबकडूनच घ्या, फोटो कागदावरच्या. घरच्या प्रिंटरच्या नकोत. साधी रंगाची शाई हवेतल्या ओझोनने उडते, आणि पाण्याचा थेंब पडला की नवरी ओघळते. लग्नात कोपऱ्यात बूथ लावून जागेवर छापून देतात ते फोटोही पाहुण्यांना वाटायला ठीक, अल्बमला नकोत.

लॅबवाल्याला दोन गोष्टी सांगा. पृष्ठभाग लस्टर, म्हणजे मंद चमकेचा, चकचकीत नको. चकचकीत फोटो दमट हवेत समोरच्या फोटोला चिकटतो. आणि चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर पांढरी कड ठेवून छापा. पूर्ण कागदभर छापलेल्या फोटोला कोपरा लावला की कोपरा चित्रावर येतो, ग्रुप फोटोत नेमकी कडेची मावशी झाकली जाते आणि मग आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

पुठ्ठेवाला_पुणे

आडवं पान, साधारण तेरा बाय दहा इंच. त्यावर पाच बाय सातचे दोन उभे किंवा आठ बाय दहाचा एक सुखात बसतो. सगळी पानं भरायची नाहीत. तीस पानांत साठ-सत्तर फोटो पुष्कळ झाले.

आठ बाय दहाच्या वर जाऊ नका. मोठी प्रिंट पावसाळ्यात वळते आणि चार कोपऱ्यांत मावत नाही, मधून फुगते. न्यायचीच तर चार कोपऱ्यांसोबत लांब बाजूंना मधोमध एकेक सैल पट्टी द्या.

कागदकिडा

कोपरे घरी करता येतात, आणि मला तेच आवडतात. आम्लमुक्त पातळ पण चिवट कागदाची दीड सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब पट्टी. आडवी ठेवा, वरच्या काठाच्या मध्यावर खूण करा. त्या खुणेपासून दोन्ही बाजू खाली दुमडा, म्हणजे दोन पाय शेजारी शेजारी लोंबतील आणि वर काटकोनाचं टोक येईल. हाडाच्या पट्टीने किंवा चमच्याच्या पाठीने घडी दाबा, लोंबणारे पाय कापा. झाला कोपरा. आता फोटो टेबलावर ठेवून चारही कोपऱ्यांना हे कोपरे घाला, कोपऱ्यांच्या पाठीला ब्रशने थोडीशी खळ लावा आणि फोटोसकट पानावर ठेवून दाबा. खळ कोपऱ्याच्या पाठीलाच हवी, आतल्या घडीत गेली तर फोटोच चिकटेल. वर टिश्यू, त्यावर जाड पुस्तक, अर्धा तास.

फोटो ताणून बसवू नका, केसभर मोकळा हवा. कागद पावसात वाढतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याला हलायला जागा नसेल तर पोक येणारच. फोटो कधीही सहज बाहेर काढता आला पाहिजे आणि परत घालता आला पाहिजे. नुसत्या कोपऱ्यांवर माझा एवढा जीव आहे तो यासाठी. उद्या कुणाला त्याची प्रत हवी असेल, पाठीमागचं लिहिलेलं वाचायचं असेल, एखादा फोटो खराब झाला म्हणून बदलायचा असेल, तर अल्बमला धक्का न लावता होतं. डिजिटल अल्बमात हीच अडचण: चित्रं पानावरच छापलेली आणि पानं पाठीला पाठ चिकटवलेली. घडीत नवऱ्याचं नाक गेलं तरी काही करता येत नाही.

फोकस_पॉइंट

मी डिजिटल अल्बम डिझाइन करतो, म्हणून थोडी बाजू मांडतो. नाक घडीत जाणं हा डिझायनरचा आळशीपणा आहे, अल्बमचा दोष नाही. चांगल्या लॅबच्या शीट फोटो कागदावरच्याच असतात, फाटत नाहीत, आणि घरी पन्नास माणसं हाताळणार असतील तर कोपऱ्यांचा अल्बम महिनाभरात विस्कटतो. माझा सल्ला: सगळ्यांना दाखवायला एक साधा डिजिटल करा, आणि हा हातचा स्वतःसाठी ठेवा.

कागदकिडा

हे मान्य. हळदीच्या हातांनी बघणाऱ्यांसाठी वेगळी प्रत असलेली बरीच.

मृण्मयी_व

भाचीला दोन्ही कल्पना सांगितल्या. ती म्हणाली डिजिटल सासरी, हा माझ्याकडे. नावं कशाने लिहू? काळा कागद ठरलाय, कापसाची परीक्षा पास झाला.

पुठ्ठेवाला_पुणे

पांढरी रंगीत पेन्सिल, टोक सतत करत. जेल पेन छान दिसतं पण समोरच्या फोटोवर उमटतं. लिहायचं पानावर, फोटोवर नाही. आताच्या फोटो कागदाची पाठ प्लॅस्टिकची असते, तिच्यावर साधी पेन्सिल धरत नाही. आणि डावीकडून सगळ्यांची पूर्ण नावं लिहा, यजमानांचीसुद्धा.

नवखा_निखिल

उशिरा येतोय, माफी. आजोबांचा लग्नातला मोठा फोटो नव्वदच्या सुमाराला कुणीतरी लॅमिनेट करून आणलाय. आता कडेने हवा शिरून बुडबुडे आलेत. लॅमिनेशन काढून अल्बममध्ये लावता येईल का?

अंधारखोली

नाही. गरम लॅमिनेशन जिलेटिनला धरून बसतं, सोलाल तर आजोबा पापुद्र्यावर येतील आणि तुमच्या हातात पांढरा कागद उरेल. आहे तसाच सपाट ठेवा आणि कडा कापून नीट करायला जाऊ नका, त्या सीलमुळेच तो अजून टिकलाय. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात दिवे लावून, चकाकी टाळून, कॅमेऱ्याने कॉपी काढा आणि तिची प्रिंट अल्बममध्ये लावा. निगेटिव्ह कुठे असेल का, स्टुडिओचा शिक्का पाठीमागे दिसतो का बघा. लॅमिनेशनमधूनही तो वाचता येतो बऱ्याचदा. स्टुडिओ अजून चालू असेल तर फोन करून विचारा, काही जणांनी जुन्या निगेटिव्हचे डबे अजून जपून ठेवलेत.